विंडेन गांवची वंशावळ

गेल्या चातुर्मासांत आमच्या घरीं एक नवेंच व्रत सुरू झालें. रात्रीचीं जेवणें उरकलीं, मागचें आवरून घरांतील मंडळी बाहेर येऊन बसली, कीं आमचा नातू दिवाणखान्यांतील दिवा मालवी आणि म्हणे, "आजोबा, कागद-पेन्सिल घ्या." माझे वडील संगीत नाटकाला जातांना पदांचें पुस्तक बरोबर नेत, असें ते सांगत. मला मात्र या उतारवयांत एक जर्मन नाटक पाहण्यासाठीं वंशावळ लिहिण्याचा कागद घेऊन बसावें लागलें. जुन्या दिनदर्शिकेचीं तीन पानें मागच्या बाजूनें भरलीं, तरी सर्व नांवें त्यांवर मावलीं नाहींत.

या नाटकाचें, म्हणजे मालिकेचें, नांव 'डार्क'. बारान बो ओडार व यांत्ये फ्रीझे या दांपत्यानें ती रचिली. नेटफ्लिक्स या संस्थेची ही पहिलीच जर्मन मालिका. पहिलें पर्व दहा भागांचें, तें डिसेंबर २०१७ मध्यें निघालें. दुसरें आठ भागांचें, २१ जून २०१९ रोजीं. आणि तिसरें व शेवटचें, तेंही आठ भागांचें, २७ जून २०२० रोजीं. आजचा लेख दुसऱ्या पर्वासंबंधीं आहे. पहिल्या पर्वाचें कौतुक सर्वत्र झालें, तिसऱ्यानें गांठ सोडविली. परंतु कथेचें खरें बळ आणि तिची खरी दुर्बलता हीं दोन्ही दुसऱ्यांतच दिसतात, असें माझें मत झालें आहे. कथानक झांकून ठेवून गुणदोष सांगतां येत नाहींत. म्हणून ज्यांना तें आधीं कळूं नये असें वाटत असेल, त्यांनीं हा अंक मालिका पाहून झाल्यावर उघडावा.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. विंडेन हें एक कल्पित जर्मन गांव. गांवाशेजारीं दाट अरण्य, अरण्यांत एक गुहा आणि गुहेपासून जवळच अणुवीजकेंद्र. गांवांत चार घराणीं : कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर आणि टीडेमान. २०१९ सालच्या नोव्हेंबरांत नील्सनांचा मिकेल हा लहान मुलगा गुहेपाशीं नाहींसा होतो आणि बाहेर पडतो तो १९८६ सालांत. परत येण्याचा मार्ग त्याला सांपडत नाहीं. एक परिचारिका त्याला मुलगा मानून वाढविते. तो मोठा होतो, मिखाएल कानवाल्ड या नांवानें संसार करतो आणि त्याला योनास नांवाचा मुलगा होतो. हा योनास कथेचा नायक. अर्थात् ज्या मार्थावर त्याचें मन जडलें, ती त्याची सख्खी आत्या निघते! सगोत्र विवाहाचे निषेध बारकाईनें सांगणाऱ्या आपल्या स्मृतिकारांनाही असा प्रसंग सुचला नसता. मिखाएल २१ जून २०१९ रोजीं गळफास घेऊन मरतो, आणि तेथूनच पहिल्या पर्वाला आरंभ होतो. दुसरें पर्व नेमक्या त्याच तारखेस प्रसिद्ध झालें, यांत कर्त्यांची कल्पकता दिसते.

गुहेंतील वाट दर ३३ वर्षांचें अंतर जोडते. ही संख्या ऐकून माझ्यांतला जुना मास्तर जागा झाला. चांद्रवर्ष सुमारें ३५४ दिवसांचें, सौरवर्ष ३६५ दिवसांचें. दरवर्षीं अकरा दिवसांची तफावत पडते. ३३ सौरवर्षांचे दिवस होतात सुमारें १२,०५३ आणि ३४ चांद्रवर्षांचे सुमारें १२,०४८. म्हणजे इतक्या अवधीनंतर सूर्य आणि चंद्र यांचे हिशेब चारपांच दिवसांच्या फरकानें पुन्हा जुळतात. रमजानचा महिना सुमारें ३३ वर्षांनीं पुन्हा त्याच ऋतूंत येतो, तो याच कारणानें. आपण अधिक मास घालून ही तफावत वेळचे वेळीं भरून काढतों, म्हणून आपली दिवाळी पावसाळ्यांत येत नाहीं. तेव्हां कथेचें गणित बरोबर आहे. गणित जुळल्यानें गुहेंत दार उघडत नाहीं, हें खरें. पण तेवढी सवलत कवीला द्यावयाची असते. शिवाय कालाच्या उलट प्रवासाची कल्पना केवळ भाकडकथाही नव्हे. आइन्स्टाइन व रोझेन यांनीं १९३५ सालीं अवकाशाच्या दोन भागांना जोडणाऱ्या पुलाची कल्पना गणितानें मांडली, आणि १९४९ सालीं गेडेल या थोर तर्कशास्त्रज्ञानें आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असें एक विश्व काढून दाखविलें, कीं ज्यांत मनुष्य पुढें चालत चालत आपल्याच भूतकाळांत पोंचूं शकेल. तसें विश्व आपलें नाहीं, इतकेंच. आपल्या पुराणांत रैवत राजा रेवतीला घेऊन ब्रह्मलोकीं जातो आणि परततो तों पृथ्वीवर अनेक युगें लोटलेलीं असतात. पण मला आठवणाऱ्या पुराणकथांत पुढें जाणारेच भेटतात. आपल्या कालच्या दिवसांत परत जाणारा कोणी आठवत नाहीं. ती इच्छा आपल्या पूर्वजांना झाली नसेल असें नाहीं. तिची धास्तीच वाटली असावी.

आतां दुसऱ्या पर्वाचे गुण.

पहिला गुण बांधणीचा. हें पर्व २१ जून २०२० रोजीं सुरू होतें आणि सहा दिवसांनीं, २७ जून रोजीं, गांवाचा विनाश व्हावयाचा आहे, हें प्रेक्षकाला आरंभींच सांगून टाकलेलें असतें. एकीकडे २०२०, दुसरीकडे १९८७, १९५४, १९२१ आणि पुढचें २०५३, अशा पांच काळांत कथा धांवते; पण हे सहा दिवस खुंटीसारखे मध्यें रोवलेले असल्यामुळें गुरूं कितीही फिरलें तरी दावें तुटत नाहीं. परीक्षितीला सात दिवसांची मुदत सांगितली म्हणूनच भागवताच्या श्रवणाला धार येते. तसाच हा प्रकार आहे.

दुसरा गुण पात्रयोजनेचा. एकाच मनुष्याचें बालपण, तारुण्य व वार्धक्य निरनिराळ्या नटांनीं वठवावयाचें आणि तरीही डोळ्यांवरून, हनुवटीवरून, बसण्याच्या ढबीवरून तो तोच आहे हें पटावें, ही गोष्ट सोपी नव्हे. आमच्या घरांत एक खेळच सुरू झाला होता : नवें पात्र दिसलें, कीं नांव उच्चारलें जाण्यापूर्वीं तें कोणाचें म्हातारपण आहे हें ओळखावयाचें. सौ. दहांपैकीं आठ वेळां जिंकल्या. लग्नकार्यांत कोण कोणाच्या वळणावर गेलें हें ओळखण्याचा सराव शेवटीं असा उपयोगी पडला.

तिसरा गुण करुणरसाचा, आणि त्याचे दोन प्रसंग मला विसरतां येणार नाहींत. मिकेलचा बाप उलरिख मुलाला शोधतांना चुकून १९५३ सालांत जाऊन पडतो, खुनाच्या आरोपावरून पकडला जातो आणि वेड्यांच्या इस्पितळांत ३४ वर्षें काढतो. १९८७ सालीं, केस पांढरे झाल्यावर, त्याला आपल्या मुलाचें छायाचित्र दिसतें : मुलगा अजून लहानच आहे! म्हातारा पळून मुलाकडे जातो आणि मुलगा त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यांतून बापाला ओळखतो. दोघे गुहेकडे निघतात, आणि वाटेंतच पोलीस त्यांना गांठतात. या प्रसंगीं आमच्या दिवाणखान्यांत कोणीही बोललें नाहीं.

दुसरा प्रसंग सहाव्या भागांतला. योनास बापाच्या मृत्यूच्या आदल्या दिवशीं परत जातो. बापाला मरूं द्यावयाचें नाहीं, या एकाच हेतूनें. रात्रीं तो त्याच्यासमोर उभा राहतो आणि सर्व सांगून विनवितो. तेव्हां असें कळतें, कीं बापाच्या मनांत मरणाचा विचारही आलेला नव्हता. तो विचार मुलाच्या येण्यानेंच त्याच्या मनांत आला. जो वांचवावयास गेला, तोच निमित्त झाला. कंसानें आठव्या पुत्राचें भय धरून देवकीला बंदींत टाकलें आणि आपला शेवट आपणच ओढवून घेतला. पण कंस दुष्ट होता. येथें तर प्रेमच घात करतें. हा एक भाग जरी या पर्वांत असता आणि बाकीचे सात वाईट असते, तरी मीं हा लेख लिहिला असता.

बाकीचे सात वाईट नाहींत. पण दोषही आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत.

पहिला दोष गर्दीचा. रहस्यें इतक्या वेगानें उलगडत जातात, कीं ज्याचें त्याला दुःख करावयासही सवड मिळत नाहीं. आपला हरवलेला मुलगाच शेजारणीचा नवरा होऊन राहिला होता, रस्त्यांत आपल्याला रोज भेटत होता आणि आतां तो मेलाही आहे, हें कातरीना या आईला कळतें. या एका गोष्टीवर एक सबंध नाटक उभें राहील! परंतु कर्त्यांना पुढच्या रहस्याची घाई. तसेंच चार्लट आणि एलिझाबेथ यांचें. त्या परस्परांच्या आईही आहेत आणि मुलीही! बुद्धीला ही कोटी चमत्कारिक वाटते, पण ती ऐकून डोळ्यांत पाणी येत नाहीं. आपण पेन्सिल उचलून कागदावर एक बाण काढतों, इतकेंच. कोडें आणि काव्य यांत जो भेद आहे, तो हाच.

दुसरा दोष प्रवचनाचा. १९२१ सालांत आडाम नांवाचा विद्रूप चेहऱ्याचा म्हातारा एका गुप्त मंडळाचा अधिपति म्हणून बसलेला आहे. तो म्हणजे योनासचेंच वार्धक्य. कल्पना भयंकर आणि उत्तम. पण हा गृहस्थ साधें वाक्य म्हणून बोलत नाहीं. काल, ईश्वर, मुक्ति यांवर त्याचें सुभाषित तयारच असतें, आणि त्याची लागण हळूहळू इतरांनाही होते. पस्तीस वर्षें वर्गांत बोलून मलाही ही खोड जडलेली आहे, म्हणून ती दुसऱ्यांत चटकन् ओळखूं येते.

तिसरा दोष, आठही भागांत हंसावयास मिळत नाहीं. संस्कृत नाटककार करुणाच्या मध्येंही विदूषक आणतात, तो उगीच नव्हे. सतत अंधार पाहिल्यावर डोळ्यांना अंधाराचीही संवय होते आणि भीति बोथट होते. चौथा दोष क्लाउझेन या तपास अधिकाऱ्याचा. हा मनुष्य आपल्या हरवलेल्या भावासाठीं गांवांत येतो आणि शेवटीं अणुवीजकेंद्रांतील कचऱ्याचीं पिंपें उघडावयास लावून विनाशाला हातभार लावतो. जेथें सर्व कांहीं कार्यकारणाच्या सांखळीनें बांधलेलें, तेथें शेवटची कडी मात्र बाहेरून आणून जोडलेली वाटते. जर्मन जनतेच्या मनांतलें अणुशक्तीचें भय खरें आहे. त्या देशानें आपलीं शेवटचीं तीन केंद्रें १५ एप्रिल २०२३ रोजीं बंद केलीं. त्या खऱ्या भयाला यापेक्षां अधिक चांगलें निमित्त शोभलें असतें.

पांचवा दोष शेवटाचा. नाट्यशास्त्रांत पांच संधि सांगितले आहेत. या मालिकेचें दुसरें पर्व म्हणजे गर्भ आणि विमर्श : बीज हाताशीं येतें आणि पुन्हा निसटतें. शास्त्रकारांनीं अद्भुतरसाची जागा निर्वहणांत, म्हणजे अखेरीस सांगितली. येथें मात्र दुसऱ्याच पर्वाच्या शेवटच्या क्षणीं, मार्था मेलेली असतां, दुसऱ्या जगांतून दुसरी मार्था येऊन उभी राहते. टाळी मिळते, पण आठ भाग जो प्रश्न आपण सोडवीत बसलों, त्याचें उत्तर न देतां प्रश्नच बदलल्यासारखें होतें. परीक्षेंत असें करणाऱ्या मुलांना मीं कधीं पूर्ण गुण दिले नाहींत.

आतां या सर्वांच्या मुळाशीं जो विचार आहे, त्याविषयीं. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणांत वसिष्ठ रामाला सांगतात, कीं दैव म्हणून निराळी वस्तु नाहीं. पूर्वीं केलेला पुरुषार्थ तेंच आजचें दैव, आणि आजचा पुरुषार्थ बलवान् असेल तर तो कालच्याला जिंकूं शकतो. विंडेन गांवांत हें उलटें झालें आहे. तेथें मनुष्याचें पुढचें वयच त्याचें दैव होऊन बसतें. आडाम हा योनासचा शत्रु, आणि आडाम म्हणजे योनासच. तरुण मनुष्य जें जें सोडवूं पाहतो, तें तें त्याच्याच म्हातारपणानें आधीं बांधून ठेवलेलें असतें. मला ही कल्पना परकी वाटली नाहीं. आपल्या घरांतही म्हातारीं माणसें तरुणांच्या वाटेंत उभीं राहतात, ती वाट आपणच एकदां चाललेलों असतों म्हणून.

सहावा भाग संपल्यावर सौ. एकच वाक्य बोलल्या : "हीं माणसें वेळेवर एकमेकांशीं बोलत कां नाहींत?" मला वाटतें, टीका म्हणून हें वाक्य माझ्या पांचही दोषांहून वरचढ आहे. विंडेनमध्यें प्रत्येक घरांत एक गोष्ट दडविलेली आहे. बाप मुलापासून, बायको नवऱ्यापासून, मुलगी बापापासून दडविते. गुहा नसती तरी हें गांव बुडालें असतें.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, याचें कारण खाजगी आहे. पण इतकें लिहिल्यावर तें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९८६ हें साल या कथेंत वारंवार येतें, आणि प्रत्येक वेळीं माझें लक्ष पडद्यावरून उडे. त्या सालीं पावसाळा संपल्यावर मीं माझ्या वडिलांना कोंकणांतल्या घरून माझ्याकडे, घांटावर, आणलें. आई जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. ते एकटे, वय ७२, जवळ वैद्य नाहीं, रात्रीं-अपरात्रीं कांहीं झालें तर काय, ही माझी काळजी. मीं तिकीट काढूनच गेलों होतों. ते "बरं" म्हणाले. देव संपुष्टांत ठेवले, घराला कुलूप लावलें आणि आले. आमच्या दोन खोल्यांत त्यांना कांहीं कमी पडलें नाहीं. ते दाराच्या पायरीवर बसत आणि मधूनच विचारीत, "सुपारी उतरवली असेल का रे? विहिरीचा रहाट कोणी काढून तर नाहीं ना नेला?" फाल्गुनांत ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला कोणीं दोष दिला नाहीं, आणि मींही ही गोष्ट कोणापाशीं बोललों नाहीं. पुढें तें घर विकलें.

आतां आमच्या चिरंजीवांची पुण्यास बदली झाली आहे. सून व नातू बरोबर जाणार. आम्हां उभयतांनाही चला म्हणून आग्रह आहे. चार महिने मी एकच शब्द उच्चारीत होतों : नाहीं. कारण विचारलें कीं उठून जात होतों. सहाव्या भागाच्या दुसऱ्या दिवशीं रात्रीं, जेवणें झाल्यावर, नातवानें दिवा मालविण्यापूर्वीं मीं सर्वांसमोर ही हकीकत सांगितली. चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाना, तुम्ही आजोबांना विचारलं होतंत का, यायचंय का म्हणून?"

मीं म्हटलें, "नव्हतें विचारलें. तिकीट काढलें होतें."

"आम्ही अजून तिकीट काढलेलं नाहीं," ते म्हणाले. "आम्ही विचारतोय."

निर्णय अद्याप झालेला नाहीं. दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली आहे. नातवानें मात्र पणजोबांची विहीर अजून आहे का, असें विचारलें, आणि सुटींत आम्ही दोघांनीं जाऊन पाहून यावयाचें ठरलें आहे.

शेवटीं व्यवहाराचें. ही मालिका लहान मुलांना दाखवूं नये. आत्महत्या, खून आणि शृंगाराचे उघडे प्रसंग तींत आहेत, आणि तीन पिढ्या एकत्र बसून पाहतांना दोनचार वेळां वडीलधाऱ्यांना पाणी पिण्यास उठावें लागतें. पहिलें पर्व पाहिल्यावांचून दुसरें कळणार नाहीं, आणि दुसरें पाहिल्यावर तिसरें टाळतां येणार नाहीं. म्हणजे एकूण २६ भागांची तयारी ठेवावी. दिवसाला एकच भाग पाहावा. जर्मन संभाषण तसेंच ठेवून खालचीं अक्षरें वाचावींत. इंग्रजी आवाज घातल्यास अर्धा अभिनय फुकट जातो. जवळ कागद-पेन्सिल ठेवावी, आणि भाग संपल्यावर लगेच उठूं नये. थोडा वेळ बसून बोलावें.